भुताचं राहिलेलं भाषण

भुजंगमामा,

चार प्रवेश झाले, पाचवा राहिला. पाचव्यात भूत बोलतं आणि निघून जातं. तुम्ही न बोलताच निघून गेलात. तेरावं होऊन चार दिवस झाले, तरी मला अजून तुमचा रागच येतो आहे. गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण मी तुमच्याशी गोड कधी बोलले होते, जे आता बोलू?

नाटक शनिवारी लागणार आहे. हिंगोलीला रेडिओ केंद्रावर सर कालपर्यंत रोज विचारायचे, "शेवटाचं काय ठरलं?" मी रोज सांगायची, "करते." करत काहीच नव्हते. कानाला हेडफोन लावायची, चारही प्रवेश पहिल्यापासून ऐकायची, शेवटाशी यायची आणि उठून पाणी प्यायला जायची. दिवसातून इतकं पाणी आमची मेंढरंही पीत नसतील.

तुमच्या त्या गोष्टीच्या पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. पहिली आठ-दहा पानंही नव्हती. त्यामुळं गोष्ट कुणी लिहिली ते तुम्हालाही माहीत नव्हतं आणि त्याची फिकीरही नव्हती. तुमच्या वडिलांनी ती तुम्हाला वाचून दाखवली, तुम्ही अख्ख्या गल्लीला. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे सालगड्याच्या खोपटापाशी, चिंचेचं झाड, झाडावर भूत. येईल त्या सालगड्याला ते भिववून पळवून लावतं. मग एक दिवस चार शेळ्या घेऊन एक ठार बहिरी म्हातारी राहायला येते. भूत ओरडतं, तिला ऐकू येत नाही. भूत दगडं मारतं, ती त्याच दगडांची चूल मांडते. भूत चिडून चिंच गदागदा हलवतं, ती पदर भरून चिंचा गोळा करते आणि म्हणते, झाड लई गुणाचं आहे. शेवटी भूतच कंटाळतं. दोन पानं भरून भाषण करतं आणि आखाडा सोडून जातं. दुसऱ्या दिवशी म्हातारी झाडाखाली येते, वर बघते आणि विचारते, "आज चिंचा काहून पडल्या न्हाईत?" गोष्ट संपते.

सरांना अर्ध्या तासाचं हसतं-खेळतं नाटक पाहिजे होतं. माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा ही गोष्ट आली आणि कानात तुमचा आवाज. जवळा बाजारच्या बाजारात तो आवाज ऐकत मोठी झाले मी. बाजाराच्या दिवशी तुमचा भोंगा सकाळपासून सुरू असायचा. कुणाची म्हैस हरवली, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं लेकरू स्पीकरपाशी रडून राहिलं. मी बीए झाले तेव्हा तर तुम्ही कमाल केलीत. एका हरवलेल्या म्हशीनंतर आणि शेंगदाणा तेलाच्या जाहिरातीआधी भर बाजारात पुकारलंत, मेंढरं राखणाऱ्याची पोरगी बीए झाली, घराण्यात पहिली. आमची माय शेळी विकायला आली होती. तिनं शेळीचं दावं सोडलं आणि डोळे पुसले. मी मात्र भाजीच्या पालामागं लपले. लाजेनं नाही. तुम्ही माझे मार्क सांगाल या भीतीनं.

तेव्हापासून तुमच्यासाठी मी 'बीए बाई' झाले. मला ते आवडायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

नाटकाचं विचारायला आले तर तुम्ही आधी गोष्ट नाही विचारली, पगार नाही विचारला. विचारलंत, "बोलायचं कुठं?" मी म्हटलं, केंद्रावर एक खोली आहे, पण रस्त्याच्या कडेला आहे, दिवसभर गाड्या. तुम्ही उठलात आणि मला घरातल्या मागच्या खोलीत नेलंत. खोलीत छतापर्यंत कापूस. भाव वाढंल म्हणून ठेवलेला, सगळेच ठेवतात तसा. मध्ये माणूस बसंल एवढीच जागा. मामींनी बाहेरून दार लावलं आणि बाहेरचा अख्खा बाजार कुणीतरी मुठीत धरल्यासारखा गप झाला. तुम्ही हळूच म्हणालात, "आता बोल." मी बोलले. माझा आवाज मला इतका जवळून कधी ऐकू आला नव्हता. मी शहरात जाऊन रेडिओचं शिकून आले होते. तिथं भिंतींना महागाचे फोमचे तक्ते लावलेले होते. तुमच्या कापसानं त्यांना मागं टाकलं.

पहिलं भांडण तिथंच झालं. मला भुताचा आवाज घुमणारा पाहिजे होता. कॉम्प्युटरवर एका बटणाचं काम.

"काहून घुमवायला?" तुम्ही म्हणालात. "त्याला कुठं माहीत हाय तो भूत हाय म्हनून? तो बिचारा आपल्या घरी हाय. लोकंच येऊन राहिलेत त्याच्या झाडाखाली."

त्या भांडणात तुम्ही जिंकलात. पहिला प्रवेश एका बसकीत झाला. भूतही तुम्ही आणि पळून जाणारे तिन्ही सालगडीही तुम्हीच. तिसरा सालगडी पळताना तुम्ही खरोखर पळालात आणि कापसात तोंडावर पडलात. तो धप्प आवाज मी ठेवला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, फार विचार करून केला आहे.

प्रवेश संपला की तुम्ही एक बोट वर करायचात. "एक मिनिट कुणी हलू नका. खोलीला बोलू द्या." पुढं जोडकाम करताना मोकळ्या जागेचा आवाज लागतो, हे मला शिकवलेलं होतं. तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणालात, लग्नाच्या मांडवात माणसं यायच्या आधी मी उभा राहून ऐकतो, मांडव आवाज किती खातो अन् किती फेकतो. म्हणून प्रत्येक प्रवेशानंतर एक मिनिट. मी श्वास धरून बसायची, मामी दाराबाहेर बांगड्या धरून उभ्या राहायच्या, आणि त्या मिनिटभर एकच आवाज यायचा. तुमचं नाक. बारीक शिट्टी, आत एक, बाहेर एक.

"मामा, तुमचंच नाक वाजून राहिलंय."

"माझं न्हाई, खोलीचं हाय," तुम्ही म्हणायचात, आणि बोट वरच.

म्हातारीच्या कामासाठी कुरुंद्याच्या एक बाई ठरल्या होत्या. पण तेवढ्यात हळद निघाली, त्या हळद शिजवायच्या कामाला लागल्या आणि फोनच उचलेनात. आपण वाट बघत बसलो. एका सकाळी मी आले तर खोलीचं दार सताड उघडं आणि आत फक्त भिंती. गाडी आली, कापूस गेला. नाटक चालू आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण भाव आल्यावर भुताला कोण विचारतो. तुम्ही रिकाम्या खोलीच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवलीत. भिंतींनी ती परत फेकली.

"घे," म्हणालात, "तुला घुमनारं भूत पाहिजे होतं."

मी रडकुंडीला आले. एक प्रवेश कापसातला आणि उरलेले या भांड्यात, कसं जुळायचं? तुम्ही थोडा वेळ भिंतींकडं बघितलंत आणि म्हणालात, "घोंगड्या आन. तुमच्या घरी दहा तरी असतील. आवाज गिळायला लोकरीसारखं काई न्हाई."

मी नाही म्हणाले. आमच्याकडच्या घोंगड्या जुन्या आहेत, फाटक्या आहेत, काहीबाही सांगितलं. तुम्ही भिंतींवर खिळ्यांच्या जागा बघत राहिलात. मग मी खरं सांगितलं. हॉस्टेलला पहिल्या वर्षी मी घोंगडी घेऊन गेले होते. खोलीतल्या पोरींनी खिडक्या उघडल्या आणि नाकाला रुमाल लावले. दुसऱ्याच आठवड्यात ती गावाकडं परत पाठवली आणि तीन वर्षं पातळ चादरीत कुडकुडत काढली. हे मी मायलाही सांगितलेलं नव्हतं.

तुम्ही समजूत घातली नाहीत. एवढंच म्हणालात, "त्या पोरीयला रेडिओ करायचा नव्हता. तुला करायचाय."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून सात घोंगड्या आल्या आणि त्यांच्या राखणीला माय आली. भुजंगदादा भला माणूस, पण घोंगडीला खिळे ठोकील, म्हणाली. तुम्ही खरंच खिळे घेऊन बसला होतात. तिनं ते हातातून काढून घेतले आणि दोऱ्या बांधायला लावल्या. चारी बाजूंनी काळी लोकर, वरून एक. त्या वासात मी कितीतरी वर्षांनी बसले. तुम्ही टाळी वाजवलीत, भिंतीनं ती ठेवून घेतली.

आता म्हातारी नव्हती. तुम्ही मायला म्हणालात, "आक्का, नुसतं आवाज बघायसाठी एवढं बोला."

"मला लिहिता-वाचता येत न्हाई, दादा."

"त्या म्हातारीला तरी कुठं येत होतं."

माळावर मेंढरांना हाका मारून मायचा आवाज मोठाच घडलेला आहे. तिनं कानात सांगितलेलंही गावाला ऐकू जातं. बहिऱ्या माणसाचं बोलणं तिला वेगळं करावंच लागलं नाही. मी एक वाक्य सांगायची, ती आपल्या पद्धतीनं वळवून म्हणायची. पुस्तकात होतं, 'हे दगड चुलीला कामाला येतील.' माय म्हणाली, "दगडं दिलीस देवा, आता पीठ कधी देतूस?" मी थांबवायला गेले. तुम्ही माझा हात धरलात. "राहू दे. बाई म्हनंल तेच पुस्तक."

दुसरा, तिसरा, चौथा प्रवेश तीन दिवसांत झाले. तुम्ही तिच्या कानाशी बोंबलायचात आणि ती हरभरा निवडल्यासारखी शांत. एकदा तुम्हाला ठसका लागला तर तिनं भुताला पाणी दिलं. सगळं परत करावं लागलं, पण इतकं हसले नव्हते मी कित्येक दिवसांत.

आणि मग ती ओट्यावरची दुपार.

चहा झाला होता. मी म्हटलं, शेवटचं भाषण काढून टाकू. दोन पानं फार होतात. म्हातारीचं वाक्य पुरेसं आहे.

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "भूत जाऊन राहिलं अन् बोलनार न्हाई? मंग लोकायला कळंल कसं गेलं म्हनून? रेडिओ हाय, पोरी. दिसत न्हाई."

"चिंचा पडल्या नाहीत म्हणते ना ती. त्यात सगळं आलं."

"काय आलं? लोक म्हनतील वारं न्हाई."

"लोक तेवढे येडे नसतात, मामा."

"येडे नसतात, कामात असतात. कुनी जेवून राहिलं, कुनी भांडे घासून राहिलं, मधीच रेडिओ ऐकून राहिलं. त्यायला सांगावं लागते."

तुमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मला उत्तर सुचेना आणि उत्तर सुचलं नाही की माझ्या तोंडून शिक्षण बाहेर पडतं. मी म्हणाले, "लग्नाचा भोंगा वेगळा आन् रेडिओ वेगळा. मी शिकून आलेय ते."

तुम्ही म्हणालात, "बराबर हाय."

बीए बाई म्हणाला नाहीत. उठलात, वायर कोपराभोवती गुंडाळायला लागलात. तुम्ही वायर गुंडाळताना नेहमी काहीतरी गुणगुणायचात. त्या दिवशी वायरच गुंडाळलीत. मायनं माझ्याकडं बघितलं. तिचं ते बघणं मला माहीत आहे. मी 'येते' म्हणाले, तुम्ही 'व्हय' म्हणालात. पाचवा प्रवेश पुढच्या बाजारानंतर करू, एवढं ठरलं.

तो बाजार तुम्ही बघितला नाहीत. भोंगा बंद होता. लोक भाज्या घेता घेता वर बघत होते म्हणे, आवाज का नाही म्हणून.

मामा, चार प्रवेशांत मी कितीतरी वाक्यं कापली. ओट्यावरचं माझं ते एक कापता आलं असतं तर बाकीची सगळी ठेवली असती.

तेराव्यानंतर सरांनी एक तोड काढली. तुमचे चार प्रवेश आपल्याकडं आहेत, त्यावरून कॉम्प्युटर तुमचा आवाज तयार करतो. लिहून द्यायचं, तो बोलतो. त्यांनी करूनही दिलं. ते काही वाईट मनानं नाही केलं, त्यांनाही तुमच्या आवाजाचा लळा लागलेला होता. भुताचं अख्खं भाषण तुमच्या आवाजात माझ्या मोबाईलवर आलं. मी केंद्राच्या जिन्यात उभं राहून ऐकलं. तुम्हीच होतात. मला सुटल्यासारखंही वाटलं. तुमचं भाषण राहील, माझं वाक्य मागं घेतल्यासारखं होईल, सगळं मिटेल.

पण मामींना विचारल्याशिवाय कसं लावायचं? जवळ्याला गेले. मामी सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. मी मोबाईल त्यांच्याजवळ धरला. त्यांचे हात थांबले. पूर्ण ऐकलं.

"कोन बोलून राहिलं?"

"मशीन. मामांच्या आवाजावरून केलंय."

"आवाज त्यायचाच हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पन ह्यो दमत न्हाई."

मी मोबाईल खाली घेतला.

"इतकं बोलल्यावर त्यायला पानी लागायचं. मधी घसा खाकरायचे. ह्यो कोन दोन पानं बोलून राहिला न दमता?" तूर परत पाखडायला लागल्या. "पुसून टाक, पोरी."

मी त्यांच्यासमोरच पुसलं. मग त्यांनी तुमची वही आणून दिली, संवाद लिहून घेतलेली. खरं सांगते, ती उघडताना मी एक गोष्ट शोधत होते. त्या भांडणानंतर तुम्ही भाषणातल्या चार ओळी तरी खोडल्या असतील, शेजारी बारीक अक्षरात 'पोरगी म्हणते ते बराबर' असं काही असेल. एक ओळ खोडलेली नव्हती. उलट समासात पेन्सिलीनं सहा नव्या ओळी वाढवल्या होत्या. भूत जाताजाता सालगड्यांची नावं घेऊन माफी मागतं, त्यातल्या एकाला म्हणतं, तुझी चप्पल अजून चिंचेखाली आहे, ने.

मला हसू आलं, मग हसू थांबेना, मग ते हसू राहिलं नाही. मामी म्हणाल्या, "ह्या मानसाला कुठं थांबायचं ते कधी कळलंच न्हाई." आणि सुपाकडं बघत बसल्या.

मी विचारलं, "मामी, काय करू?"

"मला काहून इचारतीस? त्यायला इचारलं असतंस का?"

नसतं विचारलं. भांडले असते.

आज सकाळी मायला घेऊन तुमच्या घरी आले. घोंगड्या तशाच टांगलेल्या होत्या, कुणी काढल्या नव्हत्या. तुमचं स्टूलही तिथंच. मी ते बाजूला सरकवायला गेले तर माय म्हणाली, असू दे. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. मी भूत नसलेला पाचवा प्रवेश तिला सांगितला. म्हातारी उठते, शेळ्यांना हाक मारते, चूल पेटवते, एक दगड येईल म्हणून जागा करून ठेवते. दगड येत नाही. मग झाडाखाली जाते.

"अन् दादाचं बोलनं?" तिनं विचारलं.

"ते नाही."

तिनं पदर सावरला आणि सुरू केलं. शेळ्यांना हाक मारली तेव्हा बाहेर गल्लीतली खरी शेळी ओरडली. राहू दिलं. शेवटाशी आली. रिकाम्या स्टुलाकडं बघत, आधीच्या तीन दिवसांत बोलली त्यापेक्षा हळू, बहिऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या हळू, म्हणाली, "आज चिंचा काहून पडल्या न्हाईत?"

मी 'झालं' म्हणणार होते. मायनं बोट वर केलं. तुमच्यासारखं, एकच. मिनिटभर आम्ही दोघी हललो नाही. दाराबाहेर मामींच्या बांगड्याही वाजल्या नाहीत.

दुपारी केंद्रावर जोडायला बसले. मायचं वाक्य आलं आणि त्यानंतर ते मिनिट. मामा, त्यात काहीच नव्हतं. लोकरीनं सगळं गिळलेलं. रेडिओच बंद पडला असं वाटावं इतकं काहीच नव्हतं. मी तीनदा ऐकलं. चौथ्यांदा उठले, पाणी प्यायले नाही, परत बसले आणि तिसऱ्या प्रवेशानंतरचं मिनिट शोधून काढलं. तीच खोली, त्याच घोंगड्या. बारीक शिट्टी, आत एक, बाहेर एक. ते मी मायच्या वाक्याखाली अंथरलं. आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. बटणाला हात लावला नाही.

भाषण घेतलेलं नाही. घ्यायला नको होतं असं मला अजूनही वाटतं, आणि तुम्ही असतात तर आत्ता ओट्यावर आपली जुंपली असती. पण तुमची ती चप्पल मी ठेवली आहे. माय झाडाखाली जाताना पायाला काहीतरी लागतं, ती उचलते आणि म्हणते, "ही कुनाची ऱ्हायली?" वही तिला वाचून दाखवली होती. वाक्य तिचं तिनं केलं.

शनिवारी मामी रेडिओ लावतील. त्यांना पहिल्या श्वासाला कळेल. बाकीचे जेवून राहिले असतील, भांडे घासून राहिले असतील. त्यांना वाटेल, चिंचेला वारं लागतंय. भूत गेलं की झाडावरच आहे, ते त्यांना कळणार नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

कळू नये, असंच मी जोडलं आहे.

तुमची,
बीए बाई